चंद्रभानजींनी नापास केलेली गाडी

रेल्वेच्या मालधक्क्यावर चंद्रभान डाखोळ्यांची सगळी नोकरी पार्सलं तपासण्यात गेली. पिचलेला डबा, तळाशी ओल लागलेली गोणी, वरून नीट शिवलेलं पण आत काचा झालेलं खोकं, हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. माल उतरला की ते बोटाच्या पेराने टकटक करत रांगेतून फिरत आणि मध्येच थांबून म्हणत, "हे बाजूले काढा." हमालांना त्याचा वैताग यायचा, पण बाजूला काढलेल्या खोक्यात काही ना काही फुटलेलं निघायचंच.

म्हणून १९७६ च्या हिवाळ्यात निवृत्त डाखोळे जुनी मोटार बघत फिरताहेत अशी बातमी त्यांच्या सक्करदरा वस्तीत पसरली, तेव्हा लोकांना हसू आलं ते एवढ्याचसाठी, की या माणसानं जन्मभर सायकलीशिवाय दुसरं काही चालवलं नव्हतं. गाडीची पारख ते करतील याबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती.

गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच. ती प्रेमिलासाठी होती.

प्रेमिला त्यांची एकुलती एक मुलगी. चौथं वर्ष सरता सरता तिला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. मालिश झाली, काढे झाले, भिवापूरकडच्या नातेवाइकांनी सांगितलेले सगळे उपाय झाले. पायात थोडा जीव परतला, पण तो बारीकच राहिला. पट्ट्यांचा लोखंडी बूट आणि हातात काठी, यांवर ती चालायला शिकली. शाळा महाल भागात होती. चंद्रभानजी तिला सायकलच्या दांडीवर बसवून नेत आणि मग उलटे वळून मालधक्क्यावर जात. पाऊस असो, ऊन असो, मॅट्रिकपर्यंत हेच चाललं. पुढं कॉलेज, बी.एड., आणि मग कामठीच्या एका हायस्कुलात भूगोलाची शिक्षिका म्हणून नोकरी. कामठी काही सायकलच्या टप्प्यातली नव्हती. मग दोन बसचा प्रवास सुरू झाला. एक सक्करदऱ्याहून सीताबर्डीला, दुसरी तिथून कामठीला.

बसची पायरी उंच. गर्दीत काठी आधी वर ठेवायची, मग उजवा पाय, मग दांडा पकडून सगळं अंग ओढून घ्यायचं. एवढा वेळ सगळेच ड्रायव्हर देतात असं नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी ती दांडा धरून वर येत असतानाच बस हलली, आणि प्रेमिला सीताबर्डीच्या रस्त्यावर हनुवटीवर आपटली.

टाके घालून ती घरी आली. तिची आई जयवंता चुलीपाशी हळद तापवत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. चंद्रभानजी दारात उभे होते. प्रेमिलानं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मले गाडी घ्यायची आहे. मीच चालवीन."

"कायची गाडी?"

"मोटार. छोटी. जुनी असली तरी चालते."

"तुले चालवता येते का, बाई?" चंद्रभानजींनी हे समजूत घालण्याच्या सुरात विचारलं.

"येते. शालिकरामकाकानं शिकवली. उन्हाळ्यापासून शिकून राहिली मी."

शालिकराम गल्लीच्या टोकाला राहायचा. फौजेत ट्रक चालवून परत आलेला माणूस, आता मोटार शिकवण्याचा क्लास चालवायचा. प्रेमिला सकाळी सकाळी फिरायला जाते असं जे घरी सांगत होती, ते फिरणं त्याच्या गाडीतलं होतं. डावा पाय क्लचवर ठेवता येतो, क्लच हलका असला तर दाबताही येतो, हे तिनं तिथं तपासून घेतलं होतं. डॉक्टरचा दाखलाही घेऊन ठेवला होता.

जयवंता म्हणाली, "मले तरी सांगायचं होतं वं!"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतं का?"

जयवंता पुन्हा हळदीकडं वळली. चंद्रभानजी दारातून आत येऊन बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण गाडी मी निवडीन."

"तुम्हीच निवडा," प्रेमिला म्हणाली. "मले फक्त भरवशाची पाहिजे. रस्त्यात बंद पडली तर मले खाली उतरून धक्का मारता येत नाही, का चालत जाऊन मिस्त्री आणता येत नाही. बाकी रंग-रूप कसंही असो."

पैशाची जुळवाजुळव तिनं आधीच करून ठेवली होती. उरलं होतं ते गाडी शोधणं. दर रविवारी सकाळी चंद्रभानजी आणि शालिकराम दोघं सायकली काढून निघू लागले.

पहिली गाडी इतवारीतल्या एका व्यापाऱ्याची होती. नुकताच रंग दिलेली, आरशासारखी चकचकीत. चंद्रभानजींनी सवयीनं पेर टेकवून दारावरून टकटक करायला सुरुवात केली. वर पत्र्याचा आवाज, खाली मातीच्या मडक्याचा. "इथं पत्रा नाही, भोक बुजवायले लांबी भरली आहे," ते म्हणाले. शालिकरामनं पायाखालची चटई उचलली तर भोकातून इतवारीचा रस्ता दिसला. दोघं चहासुद्धा न घेता निघाले.

दुसरी एका साहेबाच्या बंगल्यातली. साहेबांनी किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. शालिकरामनं बॉनेटवर हात ठेवला. "साहेब, गाडी गरम काहून आहे जी?"

"सकाळी जरा बाहेर गेलो होतो."

"मग थंडी होऊ द्या. आम्ही बसतो."

गाडी थंड झाली आणि मग काही केल्या सुरू होईना. तिसऱ्या गाडीचा क्लच इतका कडक, की शालिकरामच्या फौजी पायालाही जोर करावा लागला. हे सगळं चंद्रभानजी घरी येऊन रंगवून सांगत. प्रेमिला पोट धरून हसे. त्या दिवसांत बापलेकींच्या गप्पा पुन्हा रंगू लागल्या होत्या, अगदी ती शाळेत होती तेव्हासारख्या.

चौथी गाडी धंतोलीत होती. कुसुमताई नावाच्या बाईंची. यजमान वकील होते, ते गेले, आणि त्यांची राखाडी फियाट पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. डिसेंबरची कडाक्याची सकाळ. शालिकरामनं बॉनेटला हात लावला तर बर्फासारखं गार. त्यानं चोक ओढला, स्टार्टर दिला, आणि गाडी एका झटक्यात सुरू होऊन गुरगुरू लागली. धूर नाही, खडखड नाही. चंद्रभानजींनी टकटक करून सगळं अंग पाहिलं. सगळीकडे पत्राच. शालिकरामनं क्लच दाबून पाहिला आणि खाली उतरून हलक्या आवाजात म्हणाला, "चंद्रभानजी, गाडी डोळे मिटून घ्या. पोरगी बोटानं दाबीन असा क्लच आहे."

कुसुमताई ओट्यावर उभ्या होत्या. "मुलीसाठी पाहताय असं कळलं," त्या म्हणाल्या. "तिलाच घेऊन या ना. ती चालवणार असेल तर मला ही गाडी तिलाच द्यायला आवडेल. तोवर दुसऱ्या कोणाला दाखवत नाही."

"आणतो जी," चंद्रभानजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर शालिकराम आनंदात होता. दुसऱ्याच दिवशी त्याला बहिणीकडच्या लग्नासाठी गावाला जायचं होतं. "मी येईस्तोवर गाडी दारात पाहिजे," असं म्हणून तो आपल्या गल्लीत वळला.

चंद्रभानजी घरी आले. प्रेमिला अंगणात वह्या तपासत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "कशी होती?"

त्या क्षणापर्यंत त्यांच्या मनात काही नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. पण तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, हनुवटीवरचा टाक्यांचा लालसर वळ पाहिला, आणि एकाएकी कामठीचा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढं आला. ट्रक, फौजी गाड्या, बैलगाड्या, आणि त्यांच्यामध्ये ही एकटी. बाजूला कोणी नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "धूर फेकते. इंजिन तेल खाऊन राहिलं आहे."

"अरे बापरे," प्रेमिला म्हणाली. "मग नकोच." आणि तिनं पुढची वही ओढली.

एवढं सोपं होतं ते. त्यामुळंच पुढचं सोपं होत गेलं. शालिकराम नव्हता, म्हणून चंद्रभानजी एकटेच गाड्या बघायला जाऊ लागले आणि प्रत्येक गाडीत काही ना काही खोट काढू लागले. एकीचं दार कुरकुरतं, एकीचा कागद मळका, एकीचा मालक डोळ्याला डोळा देत नाही. बसच्या पायरीसाठी ते प्रेमिलाला सीताबर्डीपर्यंत सोडायला जाऊ लागले, संध्याकाळी आणायलाही. जयवंता एकदा म्हणाली, "तुम्हाले गाडी भेटून नाही राहिली, तरी तुम्ही मोठे खुशीत दिसता." ते सायकलला हवा भरू लागले.

शालिकराम संक्रांतीनंतर परतला. शाळा लवकर सुटल्यानं प्रेमिला त्या दिवशी एकटीच परतत होती; ती त्याला गल्लीतच भेटली.

"काय बाई, धंतोलीची गाडी कशी चालून राहिली?"

"ती कुठं घेतली, काका? ती धूर फेकत होती ना."

 शालिकरामला खोटं बोलणं जमलं असतं तर त्यानं तेव्हा बोलून टाकलं असतं. "कोणं सांगितलं तुले?" त्यानं विचारलं आणि विचारताक्षणी त्यालाच कळलं, की हे विचारायला नको होतं.

प्रेमिला घरी गेली नाही. तिनं शालिकरामकडून पत्ता घेतला, रिक्षा केली आणि थेट धंतोलीला गेली. शेड रिकामी होती. कुसुमताईंनी तिला बसवलं, तिच्या बुटाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे तू ती मुलगी. मी तुमची वाट पाहिली गं. होय किंवा नाही, निदान निरोप तरी यायला हवा होता. मागच्या आठवड्यात गाडी दिली मी अमरावतीच्या एका गृहस्थांना."

त्या संध्याकाळी चंद्रभानजी सीताबर्डीच्या थांब्यावर ताटकळले. ती आली नाही, म्हणून घाबरेघुबरे होऊन घरी आले तर प्रेमिला बाजेवर बसलेली. पुढ्यात वह्या नव्हत्या.

"बाबा," ती म्हणाली, "धंतोलीच्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा होता?"

चंद्रभानजी उभेच राहिले. जयवंता स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराला टेकून थांबली.

"माझा पाय बरा होणार नाही, हे मले कोणं सांगितलं होतं? तुम्ही. आई रडत होती, डॉक्टर गोल गोल बोलत होता. तुम्ही मले दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं, बेटा, हा पाय असाच राहीन, आता याच्यासोबत कसं करायचं ते पाहू. मी आठ-नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मले वाटत आलं, सगळं जग माझ्याशी खोटं बोलंल, बाबा नाही बोलणार." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर चंद्रभानजींना सोपं गेलं असतं.

"मले भीती वाटते," ते शेवटी म्हणाले. "तू रस्त्यावर एकटी असशीन."

"मलेही वाटते. बसमध्ये चढताना रोज वाटते. भीती वाटते म्हणून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, भांडली असती, पण ऐकलं असतं. तुम्ही धूर काहून सांगितला?"

ते त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठून सायकल काढली आणि धंतोलीला गेले. कुसुमताई फुलं तोडत होत्या. त्यांनी 'या' म्हटलं नाही.

"गाडीत काही खोट नव्हती," चंद्रभानजी फाटकाबाहेरूनच म्हणाले. "मी घरी खोटं सांगितलं. तुम्हाले थांबवून ठेवलं, त्याची माफी मागायले आलो."

कुसुमताईंनी परडी खाली ठेवली. "माझ्या ह्यांनी मला कधी गाडी शिकू दिली नाही," त्या म्हणाल्या. "जपायचे फार. ते गेल्यावर ती गाडी माझ्यासमोर उभी असायची आणि मी बाजारात रिक्षानं जायची." एवढं बोलून त्या आत गेल्या. चहाला बोलावलं नाही. चंद्रभानजींनाही तो नकोच होता.

पुढचे काही दिवस प्रेमिला त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती. मग एका शनिवारी तिनं सांगितलं, "उद्या कामठीले गाडी पाहायले जायचं आहे. आमच्या शाळेतल्या शिपायानं सांगितली. तुम्ही चला. पण मी विचारल्याशिवाय काही बोलायचं नाही."

"नाही बोलत," चंद्रभानजी म्हणाले.

गाडी नानाजी नावाच्या होमिओपॅथीच्या म्हाताऱ्या डॉक्टरची होती. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती, समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं. गाडी फियाटच, पण धंतोलीच्या गाडीहून बरीच जुनी. रंग उडून हिरव्याचा राखेसारखा झालेला, आणि डावं दार चक्क निळं.

"पहले सांगून देतो," नानाजी काठी टेकत गाडीपर्यंत आले. "हे दार दुसऱ्या गाडीचं आहे. बैलगाडीच्या धुरीचा दांडा घुसला होता, मी बदलून घेतलं. उन्हाळ्यात चढावर गरम होते, पाण्याचा डबा सोबत ठेवावा लागते. वायपर एकच चालते. बाकी पेशंटकडे जाताना हिनं मले कधी दगा दिला नाही. पण माझ्यावर काहून भरवसा ठेवता, पाहून घ्या."

प्रेमिला आत बसली. क्लच धंतोलीच्या गाडीइतका हलका नसावा, कारण पहिल्यांदा तिचा पाय निसटला. तिनं पिशवीतून शालिकरामनं करून दिलेला लाकडी ठोकळा काढला, पेडलला पट्ट्यानं बांधला, आणि पुन्हा दाबला. पेडल खाली गेलं. गाडी थंडीत जरा कुरकुरून सुरू झाली. शाळेचा शिपाई तिच्या बाजूला बसला, चंद्रभानजी मागं. छावणीच्या मैदानाला वळसा घालून ती परत आली. तेवढा वेळ चंद्रभानजींनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, पण तोंडातून शब्द काढला नव्हता.

ती उतरली, गाडीला टेकून उभी राहिली. गाल लाल झाले होते. मग तिनं वडिलांकडं पाहिलं. "मले आवडली," ती म्हणाली. "आता तुम्ही पाहा, बाबा. आणि खरं काय ते सांगा."

चंद्रभानजींनी स्वेटर काढला आणि कामाला लागले. टकटक करत दारं, मडगार्ड, डिकी, सगळं पाहिलं. चटया उचलल्या. मग जमिनीवर आडवे होऊन खाली डोकावले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला धुळीत एक काळसर ओला ओघळ होता. त्यांनी बोट लावलं, हुंगलं. एवढ्या रविवारांत शालिकरामनं त्यांना हे दाखवलेलं होतं. ब्रेकचं तेल.

ते तिथंच पडून राहिले. बाहेरून नानाजींचा खोकला ऐकू येत होता. आता बाहेर येऊन ब्रेक गळतो म्हटलं, तर ती काय समजेल हे त्यांना ठाऊक होतं. पुन्हा धूर. या वेळी ती त्यांच्याशी बोलणंही सोडेल. आणि नाही सांगितलं, तर उद्या कामठीच्या रस्त्यावर, ट्रकच्या मागं...

ते बाहेर आले. कपाळाला धूळ लागली होती. "मागच्या चाकाचा ब्रेक गळून राहिला आहे," ते म्हणाले. 

प्रेमिलाचा चेहरा कठीण झाला.  काठी बाजूला ठेवून, दाराला धरून, बुटाचा पाय लांब करून ती हळूहळू खाली बसली. चंद्रभानजी हात द्यायला पुढं झाले नाहीत. चाकाआड हात घालून तिनं बोट बाहेर काढलं. बोट ओलं होतं. तिनं ते बराच वेळ पाहिलं.

"हे मले दिसत नाही हो," नानाजी कळवळून म्हणाले. "दिसलं असतं तर सांगितलं असतं."

"माहीत आहे, नानाजी," प्रेमिला म्हणाली. मग वर पाहून, "दुरुस्त होते का, बाबा?"

"होते. आतलं रबर झिजलं असंल. चारही चाकं खोलून पाहून घेऊ."

"आणि बाकी?"

चंद्रभानजींनी गाडीकडं पाहिलं. त्या राखाडी-हिरव्या अंगाकडं, निळ्या दाराकडं. आयुष्यभरात शेकडो पार्सलं त्यांनी बाजूला काढली होती. "बाकी चांगली आहे," ते म्हणाले. "घे."

ब्रेक कामठीतच दुरुस्त झाले. शालिकरामनं येऊन पाहिलं, मान डोलावली, आणि निळ्या दाराला रंग द्यायचा का विचारलं. प्रेमिला म्हणाली, राहू द्या, गर्दीत ओळखायला बरं. लायसन्सची परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिच्याकडून चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करून घेतली, आणि मग आपण नीट पाहिलं नाही म्हणून पुन्हा एकदा. दोन्ही वेळा गाडी तसूभर मागं आली नाही.

होळीनंतरच्या सोमवारी ती पहिल्यांदा एकटी शाळेत गेली. जयवंतानं गाडीला हळदकुंकू लावलं. चंद्रभानजी फाटकाशी उभे राहिले आणि गाडी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले. मग आत आले, बाहेर गेले, पुन्हा आत आले. जयवंता म्हणाली, "तुम्ही तळ्यावर फिरून या बरं." ते तळ्यावर जाऊन आले. जेवले. दुपारी डोळा लागला नाही. शाळा सुटायची वेळ झाली तशी ते अंगणात खुर्ची घेऊन बसले, वर्तमानपत्र उलटं धरून.

गाडीचा आवाज त्यांना गल्लीच्या टोकालाच ओळखू आला. प्रेमिलानं ती फाटकातून आत घेतली, थोडी पुढं, थोडी मागं, पुन्हा पुढं केली, आणि शेवटी तिरपी उभी करून उतरली. चेहरा घामाने निथळत होता.

"झालं?" चंद्रभानजींनी विचारलं.

"रस्त्यात इंदोऱ्यापाशी एकदा बंद पडली. मीच पाडली, क्लच लवकर सोडला. मागच्या टांगेवाल्यानं शिव्या घातल्या." ती हसली. "मग झाली सुरू." काठी टेकत ती घराकडं निघाली, आणि पायरीपाशी वळून म्हणाली, "बाबा, ती अंगणातली जळणाची लाकडं तिथून हलवून ठेवा. वळवायले जागाच नाही भेटत."

"ठेवतो," चंद्रभानजी म्हणाले. त्यांनी धोतर वर खोचलं आणि दिवेलागणीच्या आत सगळी लाकडं मागच्या भिंतीशी रचून टाकली.